चिपाडाची वीज आणि कचऱ्याची वीज : बेटांवरच्या लोकांचा हिशेब आपण का पाहावा?





मागच्या महिन्यात गटवार मेळावे झाले. खोडवा व्यवस्थापनावर बोलून आम्ही खाली बसलो, तोच मागच्या रांगेतून एका तरुण सभासदाने प्रश्न टाकला. "साहेब, परदेशात बेटांवर म्हणे गावचा कचरा जाळून वीज काढतात. आपला बॉयलर तर निम्मं वर्ष थंड असतो. मग शहराचा कचरा आणून घाला की त्यात! कचराही गेला, वीजही झाली, आन् आमच्या उसाला चार पैसे जास्तीचे." सभेत टाळ्या पडल्या. लगेच एक वडीलधारे सभासद उठून म्हणाले, "आधी आमच्या चिपाडाच्या विजेचे पैसे कुठं जातात ते सांगा, मग कचऱ्याचं बघू." त्यालाही तेवढ्याच टाळ्या पडल्या.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखे मात्र नाहीत. म्हणून या अंकात ते सविस्तर मांडत आहोत. बेटांचा विषय निघालाच आहे तर बेटांपासूनच सुरुवात करू. बेटावर चुकीचा हिशेब लपत नाही. तेथे तेल जहाजाने येते, कचरा टाकायला दुसरा तालुका नसतो आणि शेजारच्या राज्यातून वीज उसनी घेता येत नाही.

बेटाला वीज महाग का पडते?

लहान बेटावर बहुधा डिझेल किंवा जड तेलाची जनित्रे असतात. तेलाच्या किमतीवर जहाजाचे भाडे चढते. वर साठवणीच्या टाक्या आणि सुटे भाग यांचा खर्च असतोच. त्यामुळे मोठ्या देशात जी वीज महाग ठरेल, ती बेटावर स्वस्त वाटू शकते. दुसरी अडचण जमिनीची. कचरा पुरायला खड्डा कोठे काढायचा? विहिरीचे पाणी बिघडते, समुद्रकिनारा घाण होतो. तेव्हा "कचरा जाळा, वीज करा" म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. कचऱ्याची जागा वाचते आणि तेवढे तेलही वाचते.

पण कचऱ्यापासून वीज हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लावतो. एक म्हणजे गावचा कचरा आणि दुसरा म्हणजे कारखान्यातला टाकाऊ माल, अर्थात आपले चिपाड. बॉयलरच्या तोंडाशी या दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

बॉयलरला काय मानवते?

एक टन ऊस गाळला की सुमारे २८ ते ३० टक्के चिपाड (बगॅस) निघते. त्यात निम्मे पाणी असते. तरीही किलोला सुमारे १,८०० किलोकॅलरी उष्णता मिळते आणि एक किलो चिपाडावर दोन किलोहून थोडी अधिक वाफ होते. मुख्य म्हणजे आजचे चिपाड आणि उद्याचे चिपाड सारखेच असते. गोळा करायला वेगळी गाडी लागत नाही. तुम्ही ऊस तोडून, भरून, गव्हाणीपर्यंत आणून टाकलेला असतो. वाहतुकीचा खर्च साखरेच्या हिशेबात झालेला असतो आणि इंधन आपोआप बॉयलरपाशी येते.

गावच्या कचऱ्याचे तसे नाही. उष्ण देशातल्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. खरकटे, भाजीची देठे, फळांच्या साली, बागेतला पाला. पावसाळ्यात त्यात आणखी पाणी. आपल्या देशातल्या २०१६ च्या घनकचरा नियमांत किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा अधिक उष्णता असलेला कचरा पुरू नये, तो इंधनासाठी वापरावा असे म्हटले होते. न निवडलेला ओला कचरा या रेषेपर्यंत पोचताना धापा टाकतो. त्याला पेटते ठेवायला वरून तेल ओतावे लागले, तर विजेचा हिशेब तेथेच कोसळतो.

दुसरी गोष्ट मिठाची आणि प्लॅस्टिकची. कचऱ्यातल्या मिठामुळे आणि काही जातींच्या प्लॅस्टिकमुळे जळताना क्लोरीनची आम्लवाफ होते. ती बॉयलरच्या नळ्या खाते. म्हणून कचऱ्याचे बॉयलर बहुधा ४० बार दाब आणि ४०० अंश तापमानाच्या आसपासच चालवतात. उलट चिपाडाचे चांगले बॉयलर ८० बारच्या वर आणि ५०० अंशांच्या पुढे चालतात. दाब आणि तापमान जेवढे जास्त, तेवढी त्याच वाफेतून वीज जास्त. शिवाय कचऱ्याच्या धुरात विषारी द्रव्ये राहू नयेत म्हणून युरोपात तो वायू ८५० अंशांवर किमान दोन सेकंद ठेवण्याची सक्ती आहे. पुढे धूर धुण्याची यंत्रणा वेगळी. बरेच भांडवल त्या धुराड्याच्या अलीकडेच खर्ची पडते.

आमच्या तरुण सभासदाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच मिळाले. आपला चिपाडाचा बॉयलर कचऱ्यासाठी बनवलेला नाही. कचरा घातला तर एका बंद हंगामात आपण पुढच्या गाळपाच्या नळ्या गमावून बसू.

लहान गावाचे गणित

आता दहा हजार वस्तीचे एक बेट धरा. माणशी रोज अर्धा किलो कचरा धरला तर पाच टन होतो. लहान संचात टनाला ३०० युनिट वीज निघेल असे उदार मनाने मानू. म्हणजे दिवसाला १,५०० युनिट. चोवीस तासांवर वाटले तर साठ-बासष्ट किलोवॅट. दहा अश्वशक्तीचे आठ पंप चालतील एवढीच ही वीज! त्यासाठी तीन पाळ्यांत बॉयलरवर माणसे, धूर धुण्याची यंत्रणा, राखेची विल्हेवाट आणि जहाजाने येणारे सुटे भाग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

एवढ्या लहान वस्तीला ओला कचरा वेगळा करून त्याचा गोबरगॅससारखा वायू आणि खत करणे परवडते. पत्रा, काच, प्लॅस्टिक वेगळे बांधून परतीच्या जहाजाने पाठवता येते आणि विजेसाठी उन्हाचा आधार घेता येतो. बंगालच्या सुंदरबनात गोसाबा बेटावर १९९७ साली ५०० किलोवॅटचा लाकडापासून वायू करणारा संच बसला, तो कचऱ्यावर नव्हता. गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेने तो चालवला. संच लहानही चालतो, पण त्याला एकसारखे आणि रोजचे इंधन लागते, एवढे त्यावरून घ्यावे.

मोठ्या बेटावर चित्र बदलते. अमेरिकेच्या हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर सुमारे दहा लाख लोक राहतात. तेथे १९९० पासून कचरा जाळून वीज होते. २०१२ मध्ये तिसरा बॉयलर बसला. रोज सुमारे तीन हजार टन कचरा जाळण्याची ताकद आहे आणि बेटाच्या विजेचा सुमारे दहावा हिस्सा त्यातून येतो. कचऱ्याचे आकारमान नव्वद टक्क्यांनी घटते. हे यश खरे आहे. पण अशा ठिकाणी वीज विकून एकट्याने हिशेब बसत नाही. कचरा घेण्याबद्दल टनामागे नगरपालिकेकडून पैसे घ्यावे लागतात. शिवाय ओआहूच्या करारात वर्षाला किमान आठ लाख टन कचरा पुरवण्याचे बंधन शहराने पत्करले. कमी पडला तर त्याचे पैसे शहराने भरायचे. लोकांनी कचरा कमी केला, निवडून वेगळा केला, तर शहरालाच भुर्दंड! कचरा कमी झाल्याचे वाईट वाटावे अशी ही गत.

मॉरिशस : उसाचे बेट

आता आपल्या ओळखीच्या बेटाकडे येऊ. मॉरिशस म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे, दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचे बेट. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात. १८३४ पासून तेथे उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. त्यांत आपल्या कोकणातली आणि घाटावरची माणसेही होती. त्यांच्या वंशजांत मराठी अजून शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. ऊस तोडणाऱ्यांनीच ते बेट उभे केले म्हटले तरी चालेल.

त्या बेटावर कोळसा नाही, तेल नाही. होते फक्त चिपाड. १९५७ साली सेंट आंत्वान साखर कारखान्याने उरलेली वीज प्रथम सार्वजनिक जाळ्याला दिली. रक्कम किरकोळ होती, पण पायवाट पडली. तोपर्यंत तेथेही आपल्यासारखीच रीत होती. बॉयलर कमी दाबाचा आणि चिपाड जास्तीचे, म्हणून ते कसेबसे जाळून संपवायचे. १९८५ च्या सुमारास फ्लाक भागातल्या मोठ्या कारखान्याने वर्षभर हमीने वीज देणारा सुमारे २२ मेगावॅटचा संच सुरू केला. गाळपाच्या दिवसांत चिपाड आणि बाकीचे दिवस कोळसा. १९९१ मध्ये सरकारने चिपाड-वीज विकासाचा स्वतंत्र कार्यक्रम आखला. २००० साली बेल व्ह्यू येथे ७० मेगावॅटचे केंद्र ८२ बारच्या बॉयलरवर उभे राहिले. २००७ मध्ये दक्षिणेला सव्हाना येथे त्याहून मोठे केंद्र झाले. असल्या बॉयलरवर टनभर उसामागे शंभराहून अधिक युनिट वीज जाळ्याला देता येते. चिपाड तेच, ऊस तोच. बदलला तो बॉयलर.

आता वरचे लहान गावाचे गणित आठवा. पाच हजार टन रोजच्या गाळपाच्या कारखान्यात रोज सुमारे दीड हजार टन चिपाड निघते. चांगल्या यंत्रावर दिवसाला पाच लाख युनिट विकता येतील. कोठे १,५०० आणि कोठे पाच लाख! म्हणून कचऱ्याची वीज स्वस्त की महाग, असे सरसकट विचारण्यात अर्थ नाही. जो टाकाऊ माल आधीच एका जागी, एकसारखा आणि मुबलक गोळा झालेला आहे, त्याची वीज परवडते.

त्याच मॉरिशसमध्ये घरगुती कचऱ्याचे काय झाले तेही पाहा. १९९७ पासून बेटाचा कचरा मुख्यतः मार शिकोज या एकाच जागी पुरला जातो. ती जागा भरत आली, म्हणून २००० नंतरच्या दशकात ला शोमियेर येथे कचरा जाळून सुमारे २० मेगावॅट वीज करण्याचा प्रस्ताव आला. रहिवाशांनी धुराची भीती दाखवून विरोध केला. विजेच्या दरावर आणि ओल्या कचऱ्यावर वाद झाले. तो प्रकल्प उभा राहिला नाही. मात्र पुरलेल्या कचऱ्यातून निघणारा वायू पकडून मार शिकोज येथे २०११ पासून थोडीफार वीज होऊ लागली. भांडवल थोडे आणि फायदाही थोडा, पण पदरात पडला.

बंद हंगामाचे काय?

मॉरिशसचे सगळेच गोड आहे असे मात्र समजू नका. गाळप जून-जुलैपासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालते. उरलेले सहा-सात महिने तीच केंद्रे परदेशी कोळशावर चालली. टीकाकार म्हणू लागले, चिपाडाच्या नावाने कोळशाचे दुकान थाटले! बोलणे कडवट होते, पण खोटे नव्हते. अलीकडच्या वर्षांतही बेटाची तीन चतुर्थांशाहून अधिक वीज तेल आणि कोळशावरच झाली. २०२१ मध्ये त्यांच्या सरकारने २०३० पर्यंत ६० टक्के वीज निसर्गाच्या नित्य स्रोतांतून करण्याचे आणि कोळसा सोडण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. शेजारच्या रियुनियन बेटावर १९९२ आणि १९९५ मध्ये अशीच दोन केंद्रे झाली होती. तेथे २०२३-२४ मध्ये कोळसा बंद झाला, पण त्याच्या जागी आता लाकडाच्या गोळ्या जहाजाने येतात. जहाज काही सुटले नाही.

दुसरे दुखणे उसाचेच. युरोपने २००६ ते २००९ या काळात साखरेचा हमीदर ३६ टक्क्यांनी उतरवला. मॉरिशसच्या लहान शेतकऱ्याला ऊस परवडेना. शेते पडीक पडली, काहींवर बंगले उठले. २००० च्या सुमारास ५० लाख टनांच्या आसपास ऊस होत असे, तो आता त्याच्या निम्म्यावर आला आहे. कारखाने मिटत मिटत तीनच राहिले. ऊस घटला तसे चिपाड घटले आणि विजेतला त्याचा वाटाही घटला. हवाईच्या माउई बेटावर तर शेवटचा साखर कारखाना डिसेंबर २०१६ मध्ये बंद झाला. त्याच्याबरोबर चिपाडाची वीजही गेली. शेतकरी उसातून उठला की कितीही भारी टर्बाइन असो, ते लोखंड ठरते. ही गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते.

चिपाड कोणाचे?

येथे त्या वडीलधाऱ्या सभासदांचा प्रश्न येतो. मॉरिशसमध्येही तोच उठला. शेतकरी म्हणे ऊस माझा, तेव्हा चिपाडही माझे. गिरणीवाला म्हणे यंत्र माझे, भांडवल माझे. १९८५ मध्ये कायद्याने चिपाडाच्या मोबदल्याचा एक निधी केला आणि त्यातून विजेच्या पैशाचा हिस्सा उत्पादकांकडे वळवला. १९९४ मध्ये ऊस उत्पादक आणि कामगार यांचा एक गुंतवणूक न्यास स्थापन झाला. गिरणी कंपन्यांचे २० टक्के भाग त्या न्यासाला मिळाले. पण चिपाडाचा दर फार तुटपुंजा आहे, अशी लहान शेतकऱ्यांची तक्रार वर्षानुवर्षे चालूच राहिली. ऊस निम्म्यावर आल्यानंतर, २०२१ मध्ये सरकारने हा मोबदला वाढवला. पडीक झालेली जमीन मात्र वाढीव दर ऐकून लगेच उसाखाली येत नाही. योग्य वेळ ती होती, जेव्हा शेतकरी अजून बांधावर उभा होता.

आपल्याकडे स्थिती थोडी बरी आहे. कारखाना आपला, चिपाड आपले आणि बॉयलरही आपलाच. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊसदर विनियमन कायद्यात साखर आणि चिपाड, मळी, प्रेसमड या उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा उसाच्या दरासाठी धरण्याचे सूत्र आहे. कायद्यात सूत्र आहे, पण ताळेबंदातला आकडा वाचण्याचे काम सभासदाचे. अहवाल घरी येतो तो दिवाळीच्या फराळाखाली अंथरायला नव्हे.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विजेचा कोणताही प्रस्ताव आला, मग तो चिपाडाचा असो, कचऱ्याचा असो की आणखी कशाचा, तर सभासदांनी हे तीन प्रश्न विचारावेत :

१) इंधन कोठून येणार, रोज किती येणार आणि त्यात पाणी किती?

२) गाळप बंद असेल तेव्हा काय जाळणार, आणि ते विकत घ्यायचे असेल तर बँकेचा हप्ता कशातून जाणार?

३) विकलेल्या विजेचे पैसे कोणत्या खात्यात जमा होणार आणि टनामागे माझ्या उसाला त्यातून किती येणार?

तिन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाली तर हात वर करा. शब्दांत मिळाली तर पुन्हा विचारा.

पाचटाबद्दल दोन शब्द

शेवटी आमच्या खात्याची गोष्ट. चिपाड कमी पडते म्हटल्यावर काही ठिकाणी लोकांचा डोळा पाचटावर जातो. मॉरिशसमध्येही पाचट जाळून वीज करण्याचे प्रयोग झाले. पण सभासदहो, पाचट हा कचरा नव्हे. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात सुमारे ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. ते सरीत दाबले की ओल टिकते, तण दबते आणि खोडव्याचा फुटवा जोमदार येतो. चिपाड कारखान्याने जाळावे, कारण त्याची राखही शेवटी शेतात येते. पाचट मात्र शेतातच राहावे. काडी लावणाऱ्याला वीजही मिळत नाही आणि खतही मिळत नाही.

त्या तरुण सभासदाला आमचे सांगणे एवढेच. प्रश्न चांगला होता, विचारत राहा. शहराच्या कचऱ्याचे ओझे शहराने निवडून, कुजवून, त्याचा वायू करून हलके करावे. आपल्या कारखान्याच्या दारात जो टाकाऊ माल रोज आपोआप येतो, त्याचा पैसा आधी पुरता वसूल करू. आणि त्या वडीलधाऱ्यांना सांगणे असे, की तुमचा प्रश्न मॉरिशसच्या शेतकऱ्याने वेळेवर लावून धरला, पण त्याला उत्तर उशिरा मिळाले. आपण उशीर होऊ देऊ नये.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट कुजवण्याची पद्धत आणि त्यासाठी लागणारे जिवाणू खत यांची माहिती देऊ. तोपर्यंत गट कार्यालयात येऊन शंका जरूर विचाराव्यात.

जय सहकार.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते